गडग्यापलीकडचा कांदा

आमचे हे बोटीवर खलाशी. एकदा चीनहून त्यांनी पातीच्या कांद्याचे एक रोप आणले, ते शेळीने फस्त केले. पुढच्या खेपेला मी पुन्हा मागितले, तर रत्नागिरीला उतरताच म्हणाले, "आणले होते, पण वाटेत कुजले. समुद्रात टाकले." आणि मी बावळट, विश्वास ठेवला.

त्या वर्षी मी परसात आमचा पांढरा कांदा बियाण्यासाठी फुलवला. पुढच्या वर्षी त्या बियांची काही रोपे विचित्र निघाली. आमच्या कांद्याची पात एका अंगाने चपटी, चिनी कांद्याची नळीसारखी गोल. ही धड चपटी नाही, धड गोल नाही. बुडाशी कांदाही धरेना, नुसती मान जाड.

म्हणजे चिनी कांदा जवळच कुठेतरी फुलला होता आणि मधमाश्यांनी दोन्ही फुले एक केली होती. मी दोन परसांमधल्या जांभ्याच्या गडग्यावरून थोरल्या जाऊबाईंच्या परसात डोकावले. तिथे चिनी कांद्याचे चांगले बेट माजले होते.

तडक घरात येऊन मी माझ्या त्या विचित्र रोपाची पात यांच्यापुढे धरली. हे ती बोटांत फिरवत म्हणाले, "बारीक चिरून आमटीत टाक. कळायचेसुद्धा नाही."