सेटिंगरावांचा भारदस्त अर्ज

कचेरीत सगळे त्याला सेटिंगराव म्हणत आणि त्या बापड्याला ते बिरूद वाटे. काम कमी आणि कामाची तयारी फार, असला तो प्राणी. सकाळी संगणक उघडला की आधी मागचं चित्र बदलायचं. सोमवारचा धबधबा त्याला मंगळवारी चालत नसे. मग वरच्या पट्टीतली बटणं हलवायची. छापायचं डावीकडे, जपून ठेवायचं त्याच्या शेजारी, बाकीची हद्दपार. मग अक्षर कोणतं, केवढं, ओळींत अंतर किती. एवढ्यात चहा येई, आणि चहा झाला की पडद्याचा रंग डोळ्यांना बोचतोय हे त्याच्या लक्षात येई.

सगळंच वाया होतं असं नाही. टायपिस्ट बाईंचे डोळे दुखत, त्यांना त्यानं अक्षर कायमचं मोठं करून दिलं. पण तेवढ्यावर माणसानं किती मिरवावं? दुसऱ्याच्या टेबलाशी जाऊन, 'उठा जरा, तुमचं नीट लावून देतो,' म्हणायचा. नीट लावून झालं की तो कारकून आपल्याच संगणकात चोरासारखा चाचपडत बसे.

त्याची सगळ्यात लाडकी युक्ती म्हणजे आखूड अक्षरं. एक अक्षर टाइप करून जागा सोडली की यंत्र आपोआप पुरा शब्द उमटवतं, असं त्यानं लावून ठेवलं होतं. 'मा' म्हटलं की 'माननीय'. 'का' म्हटलं की 'कार्यालय'. आणि त्याचं प्रत्येक पत्र 'नम्रपणे कळवतो की' असं सुरू होई, म्हणून 'न' म्हटलं की 'नम्रपणे'. अंगात नम्रपणा औषधालाही नव्हता, तो निदान यंत्रात भरला.

घरी बायको पुढच्या खोलीत शिवणवर्ग चालवी. एकेक मशीन, एकेक मुलगी जोडत तिनं तो उभा केला होता, आणि आता तर मुली जागा रिकामी व्हायची वाट बघत. म्हणूनच लांबच्या शाखेत माणूस पाठवायचाय आणि ज्याला जायचं नसेल त्यानं लेखी द्यावं असं कचेरीतल्या मोठ्या बाईंनी सांगितल्याचं ऐकलं, तेव्हा तिनं नवऱ्याच्या हातात डबा देताना बजावलं, "अहो, एकच ओळ लिहा. बदली करू नये. नक्षीकाम नको."

पण 'करू नये' त्याला फारच घरगुती वाटलं. अर्ज कसा भारदस्त हवा. त्यानं लिहिलं, 'तरी माझी बदली न करावी.' 'न' टाइप केला, जागा सोडली, आणि यंत्रानं इमानाने शिकवलेलं काम केलं. सेटिंगराव तेव्हा अर्जाला दुहेरी चौकट बसते का, ते बघत होता. चुकीच्या शब्दाखाली येणारी लाल रेघ त्यानं पानाची शोभा जाते म्हणून केव्हाच बंद केली होती. असती तरी काय, 'नम्रपणे' हा शब्द शुद्धच. चौकट बसली, अर्ज गेला.

'तरी माझी बदली नम्रपणे करावी.'

मोठ्या बाईंना आनंदच झाला. जायला कुणी तयार नव्हतं आणि इथे एकजण हात जोडून मागतोय. तरी बाई भल्या. त्यांनी त्याला सगळ्यांसमोर अर्ज वाचून दाखवला आणि विचारलं की खरंच जायचंय ना, मनात नसेल तर आत्ता सांगा, मी फाडून टाकते.

त्यानं ऐकलं आणि काय झालं ते त्याला तिथेच कळलं. एक वाक्य बोलायचं होतं. पण मागे टायपिस्ट बाई होत्या, ज्यांच्या टेबलावर त्यानं संगणक लावून दिले ते सगळे होते. आपल्याच युक्तीनं आपल्याला खाल्लं हे त्यांच्यापुढे कसं सांगायचं?

"विचार करूनच लिहिलंय, बाई," तो म्हणाला.

घरी येऊन त्यानं वरून हुकूम आल्याचं सांगितलं.

"वरून म्हणजे कुठून, माळ्यावरून?" बायको सुईत दोरा ओवत होती. "टायपिस्ट बाई आत्ताच येऊन गेल्या. सगळं सांगितलं."

मग तो 'न' आणि 'नम्रपणे' समजावू लागला. सेटिंग बरोबरच होतं, असंही दोनदा म्हणाला.

"मग बाईंना हेच का नाही सांगितलंत?"

"अगं, चार लोकांसमोर?"

तिनं दोरा दातानं तोडला. "म्हणजे चार लोकांत तुमचं हसं नको, म्हणून मी माझा वर्ग मोडायचा. छान. मी येणार नाही. हसं झालं असतं ते संध्याकाळपर्यंत विसरले असते लोक."

तो रुसला, जेवला नाही, मग गपचूप जेवला. बॅग त्याची त्यालाच भरावी लागली. उद्या सांगेन बाईंना, असं आठवडाभर म्हणत राहिला आणि निघायच्या दिवशी सगळ्यांशी हात मिळवून, पेढे खाल्ल्यासारखं तोंड करून गेला.

काही दिवसांनी त्याचा फोन आला. बायकोनं तो खांद्याच्या आणि कानाच्या मध्ये धरला, हात कापडावरच ठेवले. तिकडच्या संगणकाला कुलूप होतं म्हणे. चित्र बदलत नाही, बटण हलत नाही, अक्षरसुद्धा आहे तेच. परवानगी मागितली तर तिथले साहेब नुसते बघत राहिले.

"मग दिवसभर करता काय?"

"काय करणार," तो रडवेल्या आवाजात म्हणाला, "काम."

"होईल सवय," ती म्हणाली आणि फोन ठेवला. बाही कापून दाखवणं चाललं होतं, मुली खोळंबल्या होत्या.