साक्रीच्या घरातला पासवर्ड

धाकटा भाऊ घर सोडून गेला त्याला चौथं वर्ष लागलं होतं. लग्नांचे फोटो काढायचा. वडिलांशी शेतीवरून वाजलं, मी वडिलांची बाजू घेतली, आणि दुसऱ्या दिवशी तो कॅमेरा घेऊन बसमध्ये बसला. त्यानंतर त्याची काही खबर नव्हती. कॉम्प्युटर मात्र मागे राहिला. त्याचे सगळे फोटो त्यावरच्या ऑनलाइन खात्यात होते. दुपारी जेवणं झाली की आई ते उघडून बसायची. एवढं एकच बटण तिला येत होतं.

मी जळगावला नोकरीला. एका शुक्रवारी आईचा फोन आला, "ते यंत्र घडीघडी काहीतरी इचारस. फोटोच दिसू देत नही."

शनिवारी साक्रीला गेले. खरंच, दर दोन मिनिटांनी पडद्यावर तीच चौकट: पासवर्ड टाका. जुना पासवर्ड भावाने मला कधीतरी सांगितलेला होता. टाकला. खाली बारीक अक्षरांत ओळ आली, 'तुमचा पासवर्ड तीन दिवसांपूर्वी बदलला आहे.'

मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. आईला काही बोलले नाही. बाजारपेठेत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवणारे एक चाचा आहेत, त्यांना बोलावून आणलं.

त्यांनी कॉम्प्युटर बंद करून चालू केला, साठवलेला जुना पासवर्ड पुसला, इंटरनेट तपासलं. चौकट परत आली.

"मशीन बरोबर आहे, ताई," ते म्हणाले. "पासवर्ड दुसरीकडून बदललाय. हे बिचारं जुनाच घेऊन दार वाजवतंय, म्हणून आतून सारखं विचारतात."

"कोणी बदलला?"

"ज्याचं खातं त्याने. नाहीतर चोराने. इथून कळत नाही."

आई दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

चाचांनी दोन रस्ते सांगितले. कॉम्प्युटरवरून खातंच काढून टाकायचं, म्हणजे चौकट थांबेल आणि आधी उतरलेले फोटो राहतील. नाहीतर खात्याकडे विनंती पाठवायची. ज्याच्या हातात आता ते खातं आहे त्याच्या फोनवर प्रश्न जाईल, 'हे तुम्हीच आहात का?' त्याने हो म्हटलं तर दार उघडेल.

"धाड," आई म्हणाली.

वडील ओट्यावर बसले होते. ते आत आले नाहीत, पण त्यांचा अडकित्ता थांबला.

चाचांनी विनंती पाठवली. पडद्यावर एक गोल फिरत राहिला. बाहेर कुणाची तरी बकरी ओरडत होती. मिनिटभर गेलं असेल, जास्त नाही. मग गोल थांबला आणि ओळ उमटली: 'विनंती नाकारली गेली.'

"म्हंजे काय?" आईने विचारलं.

"समोरच्याने 'नाही' दाबलं," चाचा हळू आवाजात म्हणाले.

आई पलंगावर टेकली. तिच्या चेहऱ्यावर मात्र मी गेल्या चार वर्षांत न पाहिलेलं काहीतरी होतं. "नही म्हनाले बी हात लागस ना," ती म्हणाली. "तो शे. जित्ता शे."

'नाही' म्हणायला लागणारा तो हात चोराचाही असू शकतो, हे माझ्या ओठांवर आलं होतं. मी गिळलं. आईने आणखी एकदा पाठवायला सांगितलं, पण चाचांनी मान हलवली. सारखं पाठवलं तर खातं कुलूपबंद होतं, म्हणाले. आईच्या परवानगीने त्यांनी खातं काढलं. चौकट थांबली. जुने फोटो होते तसे दिसू लागले.

चाचांना फाटकापर्यंत सोडायला गेले. चप्पल पायात सरकवताना ते म्हणाले, "ताई, एक सांगू? अशी विनंती जाते तेव्हा त्या फोनवर कॉम्प्युटरचं नाव येतं. कुठून आली तेही बहुतेक दिसतं."

त्या कॉम्प्युटरला भावाने आईचं नाव दिलं होतं. 'नाही' दाबणाऱ्याला ते दिसलं असणार.

घरात आले तेव्हा आई वडिलांना तेच सांगत होती, तो शे म्हणून. वडील मान खाली घालून ऐकत होते. चाचांचं बोलणं मी दोघांनाही सांगितलं नाही. त्या रविवारी जळगावला परतल्यावर भावाच्या जुन्या ईमेल पत्त्यावर एक ईमेल टाकला: आई-आबा बरे आहेत, माझं चुकलं. पत्ता बंद आहे म्हणून तो ईमेल परत फिरला नाही. त्याला उत्तरही आलं नाही. आई मात्र आता रोज दोन माणसांऐवजी तिघांचा भात टाकते, आणि वडील तिला काही म्हणत नाहीत.