कालव्यामागचा मेकॅनिक

मी राहते त्या परदेशी शहरात, ग्रँड कॅनाल डॉक या कालव्याच्या धक्क्यामागच्या गल्लीत त्याचं सायकलदुरुस्तीचं दुकान आहे. सायकलींच्या रांगेत दोन-चार स्कीही उभ्या असतात, कारण तरुणपणी तो दर हिवाळ्यात आल्प्समध्ये जाऊन स्की दुरुस्त करायचा. स्कीच्या तळाला गरम मेण लावताना तो अजूनही इतक्या हळू बोलतो, की बाहेर बर्फ पडत असावा असं वाटतं. सायकलचं चाक फिरवून तो डोळे मिटून ऐकत राहतो आणि मग पुटपुटतो, "ग्रँड." इथल्या बोलीत याचा अर्थ 'झकास'.

त्याच्या स्वतःच्या तीन सायकली भिंतीवर टांगलेल्या आहेत. हिरवी, स्टीलची, सगळ्यांत लाडकी. आल्प्समधून तो तिच्यावरूनच घरी परतला होता. तिला तो कुणाला हात लावू देत नाही.

मागच्या मे महिन्यात नागपूरहून बाबा माझ्याकडे आले होते. आई गेल्यापासून ते फारसे बोलत नसत. दुरुस्तीला दिलेली माझी सायकल आणायला आम्ही दुकानात गेलो, तर ते त्या हिरव्या सायकलसमोर उभेच राहिले.

"अशीच होती माझी," ते म्हणाले.

मेकॅनिकला मराठी कळत नाही. त्याने काही विचारलंही नाही. सायकल खाली काढली, सीट बाबांच्या उंचीनुसार खाली केली आणि हँडल त्यांच्या हातात दिलं.

"बाबा, पडाल!" मी ओरडले. तोवर ते कालव्याच्या काठाने निघालेही होते.

"जाऊ दे त्यांना," मेकॅनिक दारात उभा राहून इंग्रजीत म्हणाला.

बऱ्याच वेळाने बाबा परतले, केस विस्कटलेले, डोळे ओले. घरी जाताना ते पहिल्यांदाच आईबद्दल बोलले. ती मागे कॅरिअरवर बसून गाणी म्हणायची, म्हणे.