साठ मैलांवरचं दूध

भुताखेतांच्या गोष्टी मला कधी पटल्या नाहीत. नर्सिंगच्या ट्रेनिंगमध्ये पहिल्याच वर्षी मढ्याशेजारी एकटीने ड्यूटी केली, तेव्हाच ती भीती मोडली. त्यातून आम्ही ख्रिस्ती, घरात अंगारे-धुपारे नाहीत की नजर उतरवणं नाही. त्यामुळे हे मी कुणाला पटवायला लिहीत नाहीये. झालं ते सांगते, एवढंच...

साठ-एकसष्ट साल असेल. मी यवतमाळला मिशनच्या दवाखान्यात होते. दर रविवारी दुपारी मी आणि मार्थाबाई जेलमधल्या बायकांच्या बराकीत जायचो. मार्थाबाई साठीच्या. त्या पवित्र शास्त्र वाचून दाखवायच्या, भजन म्हणायच्या. मी खरजेचं औषध लावायची. आम्ही साबणही न्यायचो, आणि काही जणी साबणासाठीच प्रार्थनेला बसायच्या. मार्थाबाईंना ते ठाऊक होतं. "आंग साफ झालं तरी लय झालं," म्हणायच्या.

एका रविवारी भजन चालू असताना एका नव्या बाईकडे माझं लक्ष गेलं. केसली तिचं नाव, पुसदकडच्या तांड्यावरची. राखीव जंगलातलं सागाचं लाकूड तोडलं म्हणून तीन महिन्यांची सजा झालेली. तिची चोळी पुढून ओली होती. नर्सच्या नजरेतून हे सुटत नाही.

"लेकरू कुठे आहे तुझं?" मी हळूच विचारलं.

तिने पदराने चोळी झाकली आणि म्हणाली, "तांड्यावर हाय, सासूपाशी. पोलिसायनं इचारलं तं मी सांगतलं, मले लेकरू नाही मनून."

"काहून गं?"

"त्याईनं वहीत नाव लिवलं असतं तिचं. मंग पोट्टीचं नाव जनमभर चोराच्या वहीत राह्यलं असतं."

तीन महिन्यांची मुलगी, आणि आईला पकडून पंधरा दिवस झालेले. तान्हं मूल आईजवळ ठेवता येतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मी तडक जेलरसाहेबांकडे गेले. माणूस बरा होता, पण म्हणाला, "सिस्टर, रजिस्टरात लेकरू नाही. लेकरू तिचंच आहे अशा कागदावर तांड्याच्या नाईकाचा अंगठा आणा, मग बघू."

बाहेर आल्यावर मी मार्थाबाईंना म्हटलं, पंधरा दिवस अंगावरचं दूध नाही, ते मूल काही राहिलं नसेल. त्या म्हणाल्या, "नसंल राह्यलं, तरी आईले सांगाले कोनी तं पाह्यजे. तू जा."

दोन दिवसांची रजा काढली. एसटीने पुसद, पुढे बैलगाडी. तांड्यावर पोचले आणि बघते तर काय, पोरगी जिवंत! नुसती जिवंत नाही, चांगली गुटगुटीत.

"बकरीचं दूध देल्लं का थुकते," सासू म्हणाली. "तांड्यात दोघीजनी पाजनाऱ्या हायेत, त्याइच्याकडूनही तोंड फिरवते."

"मग जगली कशावर?"

"तेच तं आमाले समजून नाही राह्यलं, बाई. दुपारी एकडाव चूप होते. पोट भरल्यावानी झोपते."

मला वाटलं, थापा मारताहेत. कुणीतरी पाजत असणार, आणि जेलचं नाव काढल्यावर घाबरून लपवत असणार. मीही हट्टी. रात्री तिथेच राहिले आणि सकाळपासून पोरीला मांडीवरून खाली ठेवलं नाही. रडून रडून लालबुंद झाली. चमच्याने दूध दिलं, थुंकली. साखरपाणी दिलं, तेही थुंकली.

बरोबर बारा वाजता (घड्याळ माझ्या छातीला पिन केलेलं असायचं) ती एकदम गप्प झाली. मान थोडी वळवली आणि चुटूचुटू ओठ हलवायला लागली... रिकाम्या तोंडाने. गिळल्याचा आवाज मी कानाने ऐकला. हाताच्या मुठी सैल पडल्या. मग ओठाच्या कोपऱ्यातून दूध ओघळलं.

मी ते बोटाने टिपून जिभेला लावलं. पातळ, गोडसर. बकरीचं नक्कीच नव्हतं. एका वेळच्या दुधावर मूल असं राहत नाही, हेही मला कळतं. मी रडले, कबूल करते. भीती नाही वाटली. इतकी माया मी त्याआधी कधी पाहिली नव्हती, म्हणून रडले. सासू माझ्या पाठीवरून हात फिरवत होती.

नाईकाने अंगठा दिला आणि पोरीला घेऊन मी निघाले. दुसऱ्या दिवशी पोरगी जेलमध्ये आईच्या कुशीत गेली आणि लगेच पिऊ लागली. पंधरा-सतरा दिवस मूल अंगावर नसेल तर दूध आटतं. केसलीचं आटलं नव्हतं.

"बारा वाजता काय करत होतीस तू रोज?" मी विचारलं.

ती लाजली. "टोले पडले का त्या भितीकडं तोंड करून बसतो. तांडा तिकडंच हाय ना... चोळी सोडतो अन् पाजतो तिले." मग जरा घाबरतच म्हणाली, "बाई, दुपारची रडत तं नव्हती ना?"

"नाही."

"मंग पोचत होतं," ती म्हणाली आणि पोरीच्या डोक्यावर पदर ओढला.

आमच्या चर्चच्या पाळकांनी याला देवाची करणी म्हटलं, दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तांडेवाल्यांची लबाडी. मला दोन्ही पचलं नाही.

त्याच बराकीत ढाणकीकडची अनसूया होती. तिची सजा लांबची. पाच वर्षांचा मुलगा मामाकडे ठेवलेला, आणि मामी त्याला नीट जेवू घालत नाही असा निरोप आलेला. तिने केसलीला विचारलं, "कसं करते वो हे?"

"काई नाही. बसाचं."

पुढच्या रविवारी आम्ही जरा लवकर पोचलो. बाराचे टोले पडत होते. अनसूया भिंतीकडे तोंड करून बसली होती. आपल्या वाट्याच्या भाकरीचा घास मोडून तिने हात पुढे धरला होता. मार्थाबाईंनी मला दारातच थांबवलं. तो हात अवघडला, तरी तिने खाली घेतला नाही.

ढाणकीला जाऊन त्या मुलाला बघून यावं, असं मला फार वाटायचं. पण मी गेले नाही. घास पोचत नसला तर येऊन तिला काय सांगायचं, या विचाराने माझा धीर झाला नाही.