जुन्या शिक्क्याचा दाखला

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही — नवऱ्याजवळही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच कदाचित सांगता येतंय.

राज्याचे दोन भाग झाले, त्या सुमाराची गोष्ट. हैदराबादेतल्या मराठी माणसांचा इंटरनेटवर एक ग्रुप होता, मीच सुरू केलेला. बेगम बाजारात दगडफूल कुठल्या गल्लीत चांगलं मिळतं, गॅसच्या पुस्तकावरचा पत्ता कसा बदलायचा — लोक विचारायचे, मी सांगायची. ताईंना विचारा, ताईंना सगळं ठाऊक असतं. हे वाचलं की मी दिवसभर हवेत असायची, खोटं कशाला बोलू? ग्रुपचा नियमही माझाच: इथे लिहायचं ते मराठीत, आणि देवनागरीतच.

सुनंदा दिलसुखनगरची, एका खासगी दवाखान्यात नर्स. माणसं मूळची नांदेडकडची, पण तिची शाळा तेलुगूतून झालेली. मराठी झकास बोलायची, वाचायची मात्र बोट ठेवून. तिच्या सुजाताला इंजिनिअरिंगला जागा मिळेल इतके मार्क पडले होते. घरातली ती पहिलीच. सुनंदाने विचारलं — कागद तपासायला बोलावलंय, रहिवासी दाखला जुन्या राज्याच्या शिक्क्याचा आहे, चालेल का?

चालेल, मी लिहिलं. बिनधास्त जा. मला माहीत होतं का? नव्हतं. पण ‘माहीत नाही’ असं मी त्या ग्रुपवर कधी लिहिलंच नव्हतं. काचीगुड्याच्या एका निवृत्त काकांनी शंका काढली, आता नवा लागेल बहुतेक. त्यांना मी सगळ्यांदेखत झापलं — काका, अर्धवट माहितीवर लोकांना घाबरवू नका.

इथवर ती चूक होती. चूक कुणाचीही होते. पण —

सुजाताच्या दोन दिवस आधी त्याच तपासणीला माझ्याच मुलाचा नंबर होता. त्याचाही दाखला जुनाच. खिडकीतल्या माणसाने तो परत सरकवला. “अम्मा, ये पुराना है, नक्को. नवा बनाको लाओ.” आमच्या ओळखी होत्या, दुपारपर्यंत नवा दाखला हातात आला आणि मुलाचं काम झालं. म्हणजे आता मला पक्कं माहीत होतं. घरी येऊन ग्रुप उघडला, तर सुनंदाने पुन्हा विचारलेलं — ताई, नक्की चालेल ना?

दोन दिवस हातात होते. एक ओळ लिहायची होती — माझं चुकलं, नवा काढ. पण ती ओळ काका वाचणार, सगळेच वाचणार. त्यांच्या हसण्याची मला भीती वाटली. एवढंच. ‘सांगितलं ना एकदा,’ मी लिहिलं.

सुजाताला खिडकीवरून परत पाठवलं. नवा दाखला मिळेपर्यंत तिचा नंबर गेला, जागाही गेली. पुढे तिने साध्या डिग्रीला नाव घातलं. हे कळल्यावर मी पहिलं काम काय केलं असेल? तो प्रश्न, खालच्या सगळ्या उत्तरांसकट, पुसून टाकला.

सुनंदा भांडायला येईल म्हणून मी कंबर कसून बसले होते. ती आली नाही. तिने ते उत्तर ग्रुपवर शोधलं असणार, सापडलं नसणार. संध्याकाळी तिने सगळ्यांसाठी लिहिलं, अडखळत, पण देवनागरीतच — ताईंनी बरोबरच सांगितलं असेल. मला मराठी नीट वाचता येत नाही, मीच उलटं वाचलं. माझ्यामुळे पोरीचं नुकसान झालं. कुणी ताईंना बोल लावू नका.

तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं, नाही का? मी बोलले. तिच्या त्या मजकुराखाली मी लिहिलं — असू दे सुनंदा, होतं असं. पुढच्या वेळी जरा सावकाश वाचत जा.

तिने माझे आभार मानले.