गवळणीच्या चालीचे मालक

एम. ए. संगीताच्या प्रबंधासाठी मी नको तो शहाणपणा करून विषय घेतला: आमच्या भागातल्या दंडारीचा आजोबांच्या पिढीतला काळ, तेव्हाचे चाली बांधणारे आणि त्यांच्या शैली. दंडार म्हणजे दिवाळीनंतर मंडईला, म्हणजे गावच्या जत्रेला, गावकरीच उभं करतात ते गाण्यानाचाचं नाटक. मार्गदर्शक बाई नागपूरच्या. त्यांनी बजावलं, चाल कोणाची ते पुराव्यानिशी दाखवलं नाही तर प्रबंध परत, आणि प्रबंध परत आला तर वर्ष गेलं.

सगळीकडे गातात ती एक गवळण मी निवडली. तिथूनच डोक्याला ताप सुरू झाला.

कामठ्याच्या म्हाताऱ्या गायकाने शेवटची ओळ वर नेऊन धरली आणि चाल आपल्या सासऱ्याची म्हणून सांगितलं. बसमध्ये कंबर मोडून घेत अर्जुनी मोरगावला गेले, तर तिथले पेटीवाले त्याच ओळीवर खाली उतरले. चाल म्हणे त्यांच्या गुरूची, कामठ्यावाल्यांनी ती बिघडवली. सालेकशात लय भलतीच चढी आणि मालक आणखी वेगळा. पुरावा मागितला की सगळ्यांचं उत्तर एकच, आमच्या घरचे सांगतात. चहाचा आग्रह मात्र सगळीकडे. मला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

त्यावर घरी बाबांनी कळस केला.

"कायले फिरून राहिली गावोगाव? ते चाल तं तुह्या मोठ्या आज्यानं बांधली," ते जेवता जेवता म्हणाले. "लिहून टाक."

मी ताट बाजूला सारलं. प्रबंध असे लिहीत नसतात, ऐकीव गोष्टींना तिथे कोणी विचारत नाही, असं बरंच सुनावलं. ते भात कालवत राहिले. शेवटी चालीचा कर्ता सांगता येत नाही असं मी वैतागून लिहिलं, प्रत्येक गावची शैली स्वरलिपीत मांडली, आणि बाईंनी नाक मुरडत ते चालवून घेतलं.

तोंडी परीक्षेला आलेले सर भंडाऱ्याकडचे निघाले. पानं चाळता चाळता त्यांनी गवळण गुणगुणली, ओळ भलत्याच जागी तोडली आणि हसत म्हणाले, ही तर आमच्या गावची. माझं डोकंच फिरलं.

"नाही सर. ती माझ्या आजोबांच्या मोठ्या भावाने बांधली."

बाईंनी कपाळाला हात लावला. सरांनी पेन उचललं आणि पुरावा विचारला.

"बाबा सांगतात," मी म्हणाले.