हिराबाई मान खाली घालतात तेव्हा

"मशीन परत घ्या," असं म्हणत हिराबाईंच्या मुलाने डबी रिसेप्शनच्या टेबलावर ठेवली. ट्रायलचा शेवटचा दिवस होता.

मी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे कान तपासून श्रवणयंत्र बसवून देणारी. क्लिनिक अंधेरीत. हिराबाई वेसाव्याच्या कोळीण, सगळा जन्म मासळी बाजारात गेलेला. ऐकू कमी यायला लागलं तशी त्यांची गिऱ्हाइकं तुटायला लागली. भाव विचारून उत्तर आलं नाही की माणूस शेजारणीकडे वळतो. मुलगा मागे लागला होता की आता बाजार सोड, घरी बस. यंत्राचा उपयोग झाला नाही तर तेच होणार होतं.

मी पुन्हा तपासलं. साउंडप्रूफ केबिनमध्ये माझा प्रत्येक शब्द त्यांनी बरोबर परत म्हणून दाखवला.

"हितं येतं गो बाय," त्या म्हणाल्या. "बाजारात कायच नाय."

"गोंगाटाची सवय व्हायला थोडा वेळ लागतो," मी पुस्तकातलं उत्तर दिलं. मुलगा उठला. हिराबाई पदर नीट करत राहिल्या. मला फार वाईट वाटलं, पण पुढे काय करायचं ते सुचेना.

परतीची पावती करायची रूपालीने. ही आमची रिसेप्शनिस्ट, राहते भांडुपला. फोन घेणं, अपॉइंटमेंट देणं हे तिचं काम. त्या दिवशी ती पावती करेना.

"आजी, तुम्ही बाजारात बसता कशा? दाखवा ना जरा."

तिने पॅन्ट्रीतलं बुटकं स्टूल आणून रिसेप्शनच्या मधोमध ठेवलं. मोबाइलवर मासळी बाजाराचा व्हिडिओ शोधला, तो भिंतीवरच्या टीव्हीला जोडला आणि आवाज वाढवला. मग वेटिंगमधल्या पेशंटकडे वळली. "काका, काकू, उठा. तुम्ही गिऱ्हाईक. पापलेटचा भाव विचारा."

आमचे पेशंट सगळे कमी ऐकणारे, त्यामुळे साधं बोलतात तेसुद्धा ओरडून. बघता बघता क्लिनिकचा बाजार झाला.

तेवढ्यात सरांचा, म्हणजे क्लिनिकच्या मालकांचा, फोन. ते घरून कॅमेऱ्यावर बघत होते.

"रूपाली, काय चाललंय तिथे?"

"फिटिंग, सर."

"रिसेप्शनमध्ये?"

"केबिनमध्ये गिऱ्हाइकं मावत नाहीत, सर. ठेवते."

हिराबाई स्टुलावर बसल्या आणि सवयीने त्यांची मान खाली गेली. हात मासा कापल्यासारखे चालू झाले. एक काका बाजूला उभे राहून घसा फोडत होते, पण ह्यांना पत्ता नाही. रूपालीने खांद्याला हात लावून मान वर करायला सांगितली. त्यांनी काकांकडे बघितलं आणि लगेच भाव सांगितला. मान खाली गेली की पुन्हा काही नाही.

आता माझी ट्यूब पेटली. गोंगाट असला की हे यंत्र समोरचा आवाज उचलतं आणि बाकीचे दाबतं. समोरचा म्हणजे तोंड जिकडे असेल तिकडचा. केबिनमध्ये त्या माझ्याकडे बघून बोलत होत्या. बाजारात तोंड कायम पाटीकडे. यंत्र बिचारं इमानाने माशांचं ऐकत होतं.

मी लॅपटॉप बाहेर आणला. यंत्राचा माइक चारही बाजूंनी ऐकेल असा केला, गोंगाट बेताने कमी केला. काकांना पाठीमागे उभं केलं. त्यांनी भाव विचारला, वर महाग आहे म्हणून कुरकुर केली.

हिराबाईंनी मान उचलली नाही. "घ्यायचं नाय तं इचारतंस कशाला?"

वेटिंगमधल्यांनी टाळ्या वाजवल्या. मुलाने यंत्राची डबी उचलून गुपचूप खिशात घातली.

संध्याकाळी मी रूपालीला थँक्यू म्हटलं. ती म्हणाली, "मॅडम, पावती करायचा कंटाळा आला होता, बस." तिच्या त्या कंटाळ्याचे उपकार मी आजही मानते. स्टूल आता माझ्या केबिनमध्ये असतं. पेशंट दिवसभर कसा बसतो, कुठे बघतो, हे मी आधी विचारते.

पुढे एकदा मी त्या बाजारात गेले. हिराबाई मान खाली घालून सुरमई कापत होत्या. त्यांच्या मागच्या कोळणीला मी बोंबलाचा भाव विचारला आणि महाग वाटला म्हणून जरा पुटपुटले.

"मॅडम, तिकडं काय इचारता? हिकडं या," हिराबाई मासा कापता कापताच म्हणाल्या.

मी निमूट गेले. तेव्हापासून एक नियम पाळते. जिचे कान आपण नीट करून दिले, तिच्या आसपास घासाघीस करायची नाही.